गोळी टिकते म्हणजे काय? २०१३च्या सहा आठवड्यांची गोष्ट

१ एप्रिल २०१३ रोजी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, जुनंच औषध जास्त टिकाऊ रूपात आणलं म्हणून ते नवं औषध ठरत नाही. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, १३ मे २०१३ रोजी, एका भारतीय औषध कंपनीच्या अमेरिकी उपकंपनीने तिथल्या कोर्टात गुन्हे कबूल केले. त्यातला एक गुन्हा असा होता : औषधं किती टिकतात हे तपासण्याच्या तारखा तिने सरकारला खोट्या कळवल्या होत्या.

पहिल्या बातमीचा आपल्याकडे भरपूर गाजावाजा झाला. दुसरी आली आणि थोड्याच दिवसांत मागे पडली. आजही या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या जातात. पहिली ‘परदेशी कंपनी विरुद्ध गरीब रुग्ण’ अशी, आणि दुसरी ‘भारतीय कंपनीची लबाडी’ अशी. मला मात्र त्या एकाच गोष्टीचे दोन भाग वाटतात. दोन्हींच्या मध्यभागी एकच शब्द आहे, स्टॅबिलिटी. आणि दोन्हींत एक नाव सारखं आहे. ते पुढे येईलच.

मी काही फार्मसीवाला नाही. शिक्षण कम्प्युटर इंजिनिअरिंगचं. राहायला मुलुंड, नोकरी अंधेरीत. घाटकोपरला लोकल सोडून मेट्रो पकडणाऱ्या हजारो लोकांपैकी एक. आमची टीम औषधांच्या प्रयोगशाळांसाठी नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिते. कुठला नमुना कधी आला, कोणी तपासला, मशीनने काय आकडा दिला, तो नंतर कोणी बदलला का, अशा नोंदी. हे काम करताना लक्षात आलं की, ज्या उपनगरांतून मी रोज जातो-येतो, तिथे ही औषधांची दुनिया आधीपासूनच पसरलेली आहे. विक्रोळीत सिप्लाचा कारखाना १९६०पासून. मुलुंडमध्ये १९७०च्या दशकात हेक्स्ट या जर्मन कंपनीचं संशोधन केंद्र होतं, आणि फ्लेवोपिरिडॉल या कॅन्सरविरोधी रेणूची सुरुवात तिथल्या कामातून झाली. अंधेरी एमआयडीसीच्या गल्ल्यांमध्ये तर बाहेरून गाळ्यासारख्या दिसणाऱ्या इमारतींत प्रयोगशाळा आहेत. म्हणून हा विषय वाचायला घेतला.

सादळणं

मुंबईत जून लागला की घरात काय होतं, हे वेगळं सांगायला नको. बिस्किटं सादळतात. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात. पापडाचा डबा आई सारखा उघडू देत नाही. औषधाची गोळी या सगळ्यांसारखीच एक वस्तू आहे. तीही ओलावा शोषते, उन्हाने बिघडते, उष्णतेने बदलते. फरक इतकाच की, सादळलेलं बिस्किट तोंडात टाकल्यावर कळतं. बिघडलेली गोळी दिसायला, चवीला आणि गिळायला तशीच असू शकते.

गोळी बिघडते म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात. एक, औषधाचा रेणू तुटतो किंवा बदलतो. म्हणजे ४०० मिलिग्रॅमच्या गोळीत तेवढं औषध उरत नाही, आणि वर नको असलेले तुकडे तयार होतात. ही रासायनिक बाजू. दोन, रेणू शाबूत राहतो, पण त्याचे स्फटिक बदलतात, पावडर ओलावा ओढते, चिकट होते. ही भौतिक बाजू. हा फरक लक्षात ठेवा, पुढचा कोर्टातला सगळा वाद यावर उभा आहे.

औषध किती दिवस टिकतं, हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. १९९३ साली युरोप, अमेरिका आणि जपानच्या नियामकांनी औषध उद्योगाबरोबर बसून याचे सामाईक नियम ठरवले. गोळ्या त्यांच्या खऱ्या पाकिटात बंद करून एका चेंबरमध्ये ठेवायच्या. चेंबर दिसायला मोठ्या फ्रिजसारखं, पण काम उलटं. आत तापमान आणि आर्द्रता ठरलेली. थंड देशांसाठी २५ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रता. घाई असेल तर ४० अंश आणि ७५ टक्के, सहा महिने. उष्णता वाढली की रासायनिक क्रिया वेगाने होते, ढोबळमानाने दर दहा अंशांना दुपटीने किंवा त्याहून जास्त. त्यामुळे या सहा महिन्यांत पुढच्या काळाचा अंदाज येतो. पण तो अंदाजच. खरं उत्तर लांबच्या चाचणीतून मिळतं.

युरोपचं हवामान आपल्याला लागू नाही, हे उघड आहे. म्हणून जगाचे हवामानानुसार विभाग पाडले गेले, आणि उष्ण-दमट विभागाचे नंतर आणखी दोन भाग झाले. भारत त्यांतल्या जास्त दमट भागात येतो. आपल्यासाठीची दीर्घकालीन चाचणी ३० अंशांवर आणि जास्त आर्द्रतेत होते. ठरलेल्या दिवशी चेंबरमधून गोळ्या काढायच्या आणि तपासायच्या. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, मग वर्षाला एकदा.

कामानिमित्त मी अशा एका प्रयोगशाळेत गेलो होतो, तेव्हा तिथल्या केमिस्ट मॅडम म्हणाल्या, “तुमचं सॉफ्टवेअर सेकंदात उत्तर देतं. मला छत्तीस महिन्यांचं उत्तर हवं असेल, तर छत्तीस महिने थांबावंच लागतं.” आम्ही सर्व्हरवर लाखो लोकांचा भार पाच मिनिटांत खोटा खोटा निर्माण करून बघतो. इथे ती सोय नाही.

मांडवातून बाहेर पडणारे पाहुणे

आता प्रश्न असा की, गोळीच्या आत काय बदललं हे बघायचं कसं? उत्तर म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफी. लॅबमध्ये सगळे एचपीएलसी म्हणतात.

या तंत्राची सुरुवात औषधांपासून झालेली नाही. मिखाईल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वॉर्सात काम करत होता. त्याने खडूची पूड काचेच्या नळीत दाबून भरली, वर पानांचा अर्क ओतला आणि वरून द्रावक सोडत राहिला. हिरव्या अर्कातून नळीत वेगवेगळे रंगीत पट्टे उतरत गेले, हिरवे आणि पिवळे. १९०३ साली त्याने हे काम व्याख्यानात मांडलं, १९०६ साली त्याला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ रंगलेखन. गंमत म्हणजे रशियन भाषेत त्स्वेत या आडनावाचा अर्थही रंग असाच होतो. १९१९ साली तो वारला, तोवर त्याच्या शोधाकडे फारसं कोणी वळून पाहिलं नव्हतं.

१९४१ साली इंग्लंडमध्ये लीड्सला, लोकरीवर संशोधन करणाऱ्या संस्थेत, आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी या तंत्राला नवं रूप दिलं. त्यासाठी त्यांना १९५२चं नोबेल मिळालं. त्याच लेखात त्यांनी म्हणून ठेवलं होतं की, नळीतले कण अगदी बारीक केले आणि दाब खूप वाढवला, तर पदार्थ जास्त चांगले वेगळे होतील. तसे पंप बनायला १९६०चं दशक उजाडावं लागलं.

आजची नळी, म्हणजे कॉलम, बहुधा वीतभर लांबीची स्टीलची असते. आत सिलिकाचे काही मायक्रॉनचे कण, त्यांच्यावर तेलकट साखळ्या चिकटवलेल्या. पंप त्यातून पाणी आणि द्रावकाचं मिश्रण कारच्या टायरच्या शंभरपट दाबाने ढकलतो. गोळी कुटून विरघळवायची आणि तिचे काही मायक्रोलिटर या प्रवाहात सोडायचे.

आत काय होतं, ते लग्नाच्या मांडवावरून समजून घ्या. जेवण झाल्यावर सगळे एकाच वेळी उठतात. ज्याला तिथे कोणी ओळखत नाही, तो सरळ गेटबाहेर. ज्याचे नातेवाईक जास्त, तो प्रत्येकाशी दोन शब्द बोलत बोलत उशिरा बाहेर पडतो. कॉलममधल्या तेलकट साखळ्यांशी ज्या रेणूची ओळख जास्त, तो उशिरा येतो. गेटवर एक डिटेक्टर बसलेला असतो. अतिनील किरण सोडून तो बघतो की, किती रेणू बाहेर पडले. स्क्रीनवर रेषा सपाट चालत असते, रेणूंचा घोळका आला की उंचावते, मग परत सपाट. त्या उंचवट्याला पीक म्हणतात. पीक कधी आला यावरून पदार्थ कोणता ते ठरतं, आणि त्याच्या खालच्या क्षेत्रफळावरून तो किती आहे ते.

पण ही पद्धत बिघाड पकडते, हे आधी सिद्ध करावं लागतं. त्यासाठी औषधाला मुद्दाम छळतात. आम्लात उकळतात, अल्कलीत ठेवतात, हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात, तापवतात, प्रखर उजेडात ठेवतात. मग बघतात की, तुटलेले तुकडे मुख्य पीकपासून वेगळे दिसतात का. तुकडा मुख्य पीकच्या पोटात लपत असेल, तर ती पद्धत कामाची नाही.

इमॅटिनिब

ज्या औषधामुळे हे सगळं कोर्टात गेलं, त्याचं नाव इमॅटिनिब. नोव्हार्टिस या स्विस कंपनीने त्याची ग्लिव्हेक नावाने विक्री केली. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कॅन्सरवरचं हे औषध. या आजारात दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि त्यातून एक प्रथिन तयार होतं, जे पेशींना वाढत राहण्याचा हुकूम देत सुटतं. इमॅटिनिब त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतं आणि हुकूम थांबतो. अमेरिकेत मे २००१मध्ये त्याला मंजुरी मिळाली. ज्या आजाराचं निदान म्हणजे मोजके दिवस असं मानलं जायचं, तो रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षं जगता येण्यासारखा झाला. नेहमीचा डोस रोज ४०० मिलिग्रॅम. पण ही गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते.

रसायन म्हणून इमॅटिनिब चांगलं तगतं. तरी छळलं की तेही तुटतं. पेरॉक्साइडमध्ये त्याला ऑक्सिजन चिकटतो. त्याच्या रेणूच्या मधोमध एक अमाइड बंध आहे. आम्लात किंवा अल्कलीत गरम केलं की तो तुटून दोन तुकडे पडतात. त्यांपैकी एक तुकडा अॅरोमॅटिक अमाइन वर्गातला आहे. तो डीएनएला इजा करू शकेल अशी शंका असल्यामुळे त्याची मर्यादा दशलक्षात मोजक्या भागांइतकी कडक ठेवतात. कॅन्सर थांबवणारं औषध आणि कॅन्सरची शंका असलेला त्याचाच तुकडा. या दोघांना वेगळं ओळखायला डोळे कामाचे नाहीत, स्क्रीनवरची ती रेषाच लागते.

टिकाऊपणाची मक्तेदारी

भारतात १९७२ ते २००५ या काळात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळायचं. १९७०च्या पेटंट कायद्याची ती देन, आणि त्याच आधारावर आपला स्वस्त औषधांचा उद्योग उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १९९५पासून नवे अर्ज घेऊन ठेवायचे आणि २००५पासून तपासायचे असं ठरलं.

इमॅटिनिबचा मूळ रेणू १९९३ सालचा. त्यामुळे त्याला भारतात पेटंट मिळण्याचा प्रश्नच नव्हता. नोव्हार्टिसने जुलै १९९८मध्ये चेन्नईत अर्ज केला तो वेगळ्या गोष्टीसाठी. इमॅटिनिबचं मेसिलेट नावाचं क्षार रूप आणि त्या क्षाराचा बीटा नावाचा स्फटिक. कंपनीचं म्हणणं असं की, आधीचा अल्फा स्फटिक सुईसारखा असतो आणि ओलावा ओढतो. बीटा तसा नाही. त्याची पावडर नीट वाहते, तो जास्त स्थिर असतो, ओलावा कमी शोषतो.

मुंबईत राहणाऱ्या माणसाला ‘ओलावा कमी शोषतो’ हा गुण क्षुल्लक वाटणार नाही. गोळ्यांच्या कारखान्यात तर तो नक्कीच मोलाचा आहे.

पण त्याची किंमत बघा. २००३च्या नोव्हेंबरात नोव्हार्टिसला विक्रीचे तात्पुरते एकाधिकार मिळाले. ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च साधारण १ लाख २० हजार रुपये. भारतीय कंपन्यांचं तेच औषध ८ ते १० हजारांत. कंपनीने भारतीय उत्पादकांविरुद्ध कोर्टात धाव घेतली, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला, मुंबई उच्च न्यायालयाने नाकारला. नोव्हार्टिस हजारो रुग्णांना हे औषध मोफत देत होती, हेही खरं. पण मोफत कोणाला द्यायचं हे कंपनी ठरवणार, आणि बाजारात पर्याय कोणता असणार हेही कंपनीच ठरवणार, हा प्रश्न उरतच होता.

पेटंटला विरोध करणारे अर्ज पाच जणांनी केले. त्यातली एक मुंबईची संस्था होती, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, १९६९पासून रुग्णांसाठी काम करणारी. उरलेल्या चार औषध कंपन्या : नॅटको, सिप्ला, हेटेरो आणि रॅनबॅक्सी. रॅनबॅक्सी हे नाव लक्षात ठेवा.

त्यांच्या हातात २००५च्या दुरुस्तीने आलेलं एक हत्यार होतं, पेटंट कायद्याचं कलम ३(ड). माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप, मग तो क्षार असो वा वेगळा स्फटिक, शोध मानला जाणार नाही, जोवर त्याची परिणामकारकता वाढलेली दाखवली जात नाही. जानेवारी २००६मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. २००९मध्ये अपिलातही तेच झालं. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

न्यायमूर्ती आफताब आलम आणि मुंबई उच्च न्यायालयातून तिथे गेलेल्या न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या खंडपीठाने दोन गोष्टी सांगितल्या. इमॅटिनिब मेसिलेट हे मूळ पेटंटमधूनच माहीत असलेलं औषध आहे. आणि औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्यातली परिणामकारकता. पावडर नीट वाहणं, जास्त स्थिर असणं, ओलावा कमी शोषणं हे साठवणुकीला आणि उत्पादनाला उपयोगी गुण असतील, पण रुग्णाच्या आजारावर होणाऱ्या परिणामाशी त्यांचा संबंध नाही. औषध शरीरात ३० टक्के जास्त शोषलं जातं असाही दावा होता. पण तेवढ्याने रुग्णाला जास्त गुण येतो, हे दाखवलं गेलं नव्हतं.

हा निकाल वाचताना मला एचपीएलसी आठवत राहिली. अल्फा आणि बीटा स्फटिक वेगळे ओळखायचे तर क्ष-किरणांची चाचणी लागते. एचपीएलसीमध्ये दोघांचा पीक एकाच जागी, एकसारखा येतो. कारण नमुना आधी विरघळवला जातो, आणि विरघळल्यावर स्फटिक उरतच नाही, उरतो तो रेणू. पोटात गेलेल्या गोळीचंही साधारण तेच होतं. न्यायालयाने वेगळ्या वाटेने, कायद्याच्या भाषेत, तेच विचारलं : विरघळल्यानंतर काय वेगळं उरतं?

अमेरिकेत या स्फटिकावर पेटंट मिळालं होतं. तिथे मूळ रेणूचं पेटंट जुलै २०१५मध्ये संपलं, तरी स्फटिकाच्या पेटंटवरून झालेल्या तडजोडीमुळे पहिली स्वस्त गोळी बाजारात यायला १ फेब्रुवारी २०१६ उजाडला. दिल्लीच्या निकालाच्याच महिन्यात, एप्रिल २०१३मध्ये, सीएमएलच्या शंभरहून अधिक तज्ज्ञांनी ‘ब्लड’ या वैद्यकीय नियतकालिकात या औषधांच्या किमतींविरुद्ध लेख लिहिला. अमेरिकेत इमॅटिनिबचा वर्षाचा खर्च २००१मधल्या सुमारे ३० हजार डॉलरवरून २०१२पर्यंत ९२ हजारांवर गेला होता. गोळी तीच, रेणू तोच.

खोटं तारखेत होतं

आता १३ मे २०१३. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या कोर्टात गुन्हे कबूल करणारी कंपनी होती रॅनबॅक्सी यूएसए. महिन्या-दीड महिन्यापूर्वी दिल्लीत जिंकलेल्या बाजूला उभ्या असलेल्या रॅनबॅक्सीचीच ही उपकंपनी. दंड, जप्ती आणि दिवाणी तडजोड मिळून रक्कम ५० कोटी डॉलर.

प्रकरण बाहेर काढलं दिनेश ठाकूर यांनी. ते रॅनबॅक्सीच्या संशोधन विभागात माहिती-व्यवस्थापनाचं काम बघत होते. म्हणजे आमच्याच जातकुळीतलं काम. कंपनीने परवानग्यांसाठी दिलेली माहिती आणि प्रयोगशाळेत प्रत्यक्ष असलेली माहिती यांचा मेळ बसत नाही, हे त्यांना दिसलं. २००५ साली नोकरी सोडल्यावर त्यांनी अमेरिकी नियामकांना कळवलं.

कबुलीतली औषधं कॅन्सरची नव्हती. देवास इथल्या कारखान्यातल्या अमॉक्सिसिलिन, सेफॅड्रॉक्सिल यांसारख्या प्रतिजैविकांचे काही बॅच होते. २००६ आणि २००७च्या वार्षिक अहवालांत स्टॅबिलिटीच्या चाचण्यांच्या ज्या तारखा कळवल्या होत्या, त्या दिवशी चाचण्या झाल्याच नव्हत्या. काही आठवडे, कधी महिने उलटल्यावर झाल्या होत्या. तीन महिन्यांची, सहा महिन्यांची, नऊ महिन्यांची अशी अंतरा-अंतराने करायची चाचणी एकाच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत उरकली होती. जे नमुने उष्ण-दमट चेंबरमध्ये असायला हवे होते, ते किती काळ कोणास ठाऊक, फ्रिजमध्ये पडून होते.

इथे जरा थांबा. मशीन बिघडलेलं नव्हतं. पीक खरे असू शकतात, आकडेही खरे असू शकतात. खोटं होतं ते तारखेत. आणि स्टॅबिलिटीच्या चाचणीत तारीख ही कोपऱ्यात लिहायची बाब नाही, ती मोजणीचा अर्धा भाग आहे. ‘औषध ९९ टक्के शिल्लक आहे’ या वाक्याला ‘किती दिवसांनी, कुठे ठेवून’ हे जोडल्याशिवाय काही अर्थ नाही. फ्रिजमधून काढलेल्या गोळीचा सुंदर पीक भिवंडीच्या गोदामातल्या किंवा नांदेडच्या मे महिन्यातल्या गोळीबद्दल काहीच सांगत नाही.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक न पुसता येणारी नोंदवही असते, तिला ऑडिट ट्रेल म्हणतात. कोणी, कधी, काय बदललं आणि का. वेळ मशीनच्या घड्याळावरून घेतली जाते, माणसाला हाताने टाकता येत नाही. नवीन लागलेल्या मुलांना ही कटकट वाटते. एका आकड्यासाठी तीन सह्या कशाला? २०१३ची ती कबुली वाचल्यापासून मी त्यांना तीच वाचायला देतो.

‘ही चालेल ना?’

आमच्या सोसायटीतले एक काका काही वर्षांपासून इमॅटिनिब घेतात. मी औषधवाल्यांचं काम करतो एवढं त्यांना माहीत. एकदा लिफ्टपाशी त्यांनी विचारलं, “अरे, मेडिकलवाला म्हणतो दुसऱ्या कंपनीची घ्या, स्वस्त पडेल. चालेल ना?”

काकांच्या प्रश्नात या लेखातल्या दोन्ही गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीमुळे काकांना विचारता तरी येतं, कारण दुसरी कंपनी आहे, स्वस्त गोळी आहे. १ एप्रिलचा निकाल उलटा लागला असता, तर हा प्रश्न पडलाच नसता. दुसऱ्या गोष्टीमुळे प्रश्नात धाकधूक आहे. आणि ती धाकधूक अडाणीपणाची नाही. ‘स्वस्त म्हणजे हलकं’ हे खरं नाही, पण ‘स्वस्त म्हणजे आपोआप तसंच’ हेही खरं नाही. दोन्ही गोळ्यांत तेवढाच रेणू आहे का, नको ते तुकडे मर्यादेत आहेत का, पोटात ती तशीच विरघळते का, आणि पाकिटावरच्या शेवटच्या तारखेपर्यंत हे असंच राहतं का, हे मोजता येतं. ज्याने प्रामाणिकपणे मोजलं, त्याची गोळी तशीच. मोठ्या नावाच्या कंपनीने नीट मोजलं नाही, तर तिची नाही.

मी त्यांना म्हटलं, “काका, डॉक्टरांना विचारून बदला, स्वतःच्या मनाने नको. बिल घ्या. आणि गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नका, पट्टीच त्यांना ओलाव्यापासून वाचवते.” काका म्हणाले, “अरे, मी तर आठवड्याच्या गोळ्या एकदमच काढून ठेवतो.” छत्तीस महिने चेंबरमध्ये तपासलेलं पाकीट, आणि मुलुंडच्या जुलैमध्ये उघडी डबी.

पुढचा इतिहास थोडक्यात. २०१४मध्ये सन फार्माने रॅनबॅक्सी विकत घेण्याचं जाहीर केलं आणि मार्च २०१५मध्ये व्यवहार पूर्ण झाला. सन फार्माचं मुख्य कार्यालय आधी अंधेरी-कुर्ला रोडवर होतं, आता ते गोरेगावात पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागून आहे. आणि १ फेब्रुवारी २०१६ रोजी अमेरिकेत इमॅटिनिबची पहिली जेनेरिक गोळी आणली तीही सन फार्मानेच. दिल्ली आणि मेरीलँडच्या कोर्टांत सुरू झालेले धागे आपल्या उपनगरातल्या एका कंपनीपाशी एकत्र आले.

औषधांच्या स्वस्ताईच्या लढ्याबद्दल आपण अभिमानाने बोलतो, आणि बोलावंच. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनसारख्या संस्था स्विस कंपनीसमोर सात-आठ वर्षं टिकून राहिल्या नसत्या, तर अनेक घरांची वाताहत झाली असती. पण त्या लढ्यात आपण जे जिंकलो, त्याची दुसरी बाजू कमी बोलली जाते. टिकाऊपणा ही मक्तेदारी देण्याजोगी गोष्ट नाही, असं न्यायालयाने सांगितलं, कारण तो इलाज नाही. याचा अर्थ टिकाऊपणा बिनमहत्त्वाचा आहे असा नव्हे. तो प्रत्येक गोळीत असायलाच हवा, महागड्या आणि स्वस्त दोन्ही. त्यासाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत, आणि तो गाळताही येत नाही.

घरातली कुठलीही पट्टी हातात घेऊन बघा. मागे बारीक अक्षरांत शेवटचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. आपण ते दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखं वाचतो. खरं तर ते एक विधान आहे : इतके महिने, इतक्या उष्णतेत आणि ओलाव्यात, आम्ही या गोळ्या ठेवल्या, ठरलेल्या दिवशी काढल्या, मोजल्या आणि जे दिसलं ते लिहिलं. ते तपासण्याचं साधन तुमच्या-माझ्या हातात नाही. कोणीतरी अंधेरीतल्या एखाद्या गाळ्यात, तिसऱ्या महिन्याच्या त्या ठरलेल्या दिवशी, खरोखर चेंबरचं दार उघडलेलं असावं लागतं.